मूठभर कोरं खत

६ जानेवारी

प्रिय थेंब,

पत्रास कारण तीन बाटल्या. सकाळच्या बसने पार्सल टाकलंय, त्यातच हा कागद आहे. बाटल्या आधी काढून सरळ उभ्या ठेव, मग वाच.

फोन करू नकोस असं तूच बजावलंस. "बोललास की भडकतोस. लिही. पेनाचं टोपण काढेपर्यंत तरी डोकं थंड होईल." म्हणून लिहितोय. टोपण मी आधीच चावून टाकलंय, ते सोड.

कॉलेज सोडून तीन महिने झाले. बाबांनी घरात घेतलं, पण जेवताना माझ्याकडे बघणं सोडलं, म्हणून मी मामाकडे आलो. मामाचं मुलामा देण्याचं वर्कशॉप आहे, तुला मागे सांगितलं होतं. नळाच्या तोट्या, दाराच्या कड्या, सायकलींची हँडलं निकेलच्या टाकीत बुडवायची आणि चकाचक करून काढायची. काढल्यावर ती धुतात. ते धुण्याचं पाणी हिरवट असतं, पोपटाच्या पिसासारखं, आणि आजवर ते मागच्या गटारात जात होतं. आता नोटीस आली आहे. एकतीस मार्चला तपासणी. एका लिटरमागे तीन मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकेल सापडलं तर वर्कशॉपला सील. मामा आणि सात कामगार घरी.

मामाने नोटीस माझ्या ताटाशेजारी ठेवली. "दोन वर्षं रसायनशास्त्र शिकलास ना? की नुसताच बाक झिजवलास?"

तेव्हा मला तू आठवलीस. (हे वाक्य मी दिवसातून वीसदा लिहू शकतो, पण या वेळी त्याला कारण आहे.) लायब्ररीत तू एक लेख वाचून दाखवत होतीस. गांडूळखत पाण्यातले जड धातू धरून ठेवतं, असं काहीतरी. मी ऐकत नव्हतो, तुझ्या कानातल्या रिंगकडे बघत होतो. तरी तेवढं डोक्यात राहिलं. वर्कशॉपला लागूनच रोपवाटिका आहे, तिथल्या काकू स्वतः गांडूळखत करतात. त्यांच्याकडून चार गोण्या आणल्या. एका पिंपाला खाली तोटी बसवली, पिंप खताने भरलं आणि वरून हिरवं पाणी सोडलं. दोन मुठी जिवंत गांडुळंही मागून आणली आणि आत सोडली. कामाला कामगार नकोत का?

पहिली बाटली टाकीजवळच्या पाण्याची, दुसरी पिंपातून निघालेल्या, तिसरी आमच्या नळाच्या. कॉलेजच्या मशीनवर मोजून देशील? फक्त सरांना कळू देऊ नकोस. त्या माणसाने चाळीस पोरांसमोर माझी वही वर धरली आणि म्हणाला, "हे आकडे मोजलेले नाहीत, रचलेले आहेत." वही मी सिंकमध्ये फेकली आणि कॉलेजातून निघून आलो ते बरंच केलं.

तुझा,
बर्नर


१५ जानेवारी

बर्नर,

बाटल्या पोचल्या. एकीचं बूच गळत होतं. पार्सलवाला हात पुसत म्हणाला, "ताई, तुम्हाला लोक असलं का पाठवतात?" पुढच्या वेळी बुचाला चिकटपट्टी लाव.

टाकीजवळचं पाणी ४६. पिंपातून निघालेलं ४१. नळाच्या पाण्यात काही नाही. म्हणजे तुझ्या पिंपाने निकेलची नुसती विचारपूस केली आणि त्याला पुढे जाऊ दिलं.

पाणी किती वेगाने सोडलंस? तोटी पूर्ण उघडी होती ना? तुला ओळखते म्हणून विचारतेय. आणि पाणी आंबट किती आहे ते पाहिलंस का?

आता गांडुळं. ती जिवंत आहेत का, खरं सांग. अरे, त्यांचं काम खत तयार झालं तेव्हाच संपलं. आपल्याला गांडुळं नकोत, त्यांच्या पोटातून गेलेली माती हवी. निकेलच्या पाण्यात जिवंत जीव सोडलेस आणि वर त्यांना कामगार म्हणतोस!

मशीनवर वेळ कसा मिळाला ते विचारू नकोस. मशीनवर बसणारी एक व्यक्ती मदत करते. तिचं म्हणणं आहे की एकाच पिंपावर भिस्त ठेवू नका, ओळीने तीन लावा.

थेंब

ता. क. ती रिंग हरवली. आता तरी लेख ऐकत जा.


२३ जानेवारी

प्रिय थेंब,

गांडुळं मेली. तुझं पत्र येण्याआधीच मेली होती. मी तुला सांगणार नव्हतो, पण तू 'खरं सांग' असं लिहिलंस. खत उपसलं तर तळाशी सगळी एकमेकांना धरून. मी हाताने वेचून काढली. काकूंना सांगायला गेलो तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांची नातवंडं विहिरीत ढकलली होती. "मागितलीस तेव्हा मला वाटलं, पाळायला हवीत!" म्हणाल्या.

मामा तर कामगारांसमोर सुरू झाला. "खताने पाणी धुतोय आमचा भाचा. उद्या चिखलाने शर्ट धुवा म्हणेल." मी पाना आपटला आणि बाहेर गेलो. मग परत आलो, कारण बाहेर जाऊन करायचं काय? दुसरं पिंप लावलं. तोटी अर्धी बंद केली. सोबत दोन बाटल्या आहेत, चिकटपट्टी लावली आहे, मोजून बघ, तीन वेढे आहेत.

आणि ही 'व्यक्ती' कोण? या शब्दाच्या आडून मला मिशा दिसतायत. तुला मशीन मोकळं करून देतो, पिंपांचे सल्ले देतो. फुकट? मला काही म्हणायचं नाही. फक्त त्याला सांग, बर्नर अजून विझलेला नाही.

तुझाच (हे त्यालाही दाखव),
बर्नर


३ फेब्रुवारी

बर्नर,

मिशा आहेत. झालं समाधान?

आकडा १९ वर आलाय. खोटं कौतुक करत नाही, पण ४६चं १९ होणं ही गंमत नाही. म्हणजे लेख खरा होता आणि तुझ्या काकूंचं खत चांगलं आहे. आता पुढचं नीट ऐक, इथे रिंग नाही.

तुमचं पाणी आंबट आहे. आंबट पाण्यात खत धातू धरत नाही, धरलेलाही सोडून देतं. टाकीतच थोडा थोडा सोडा घाल, आंबटपणा मोजायच्या कागदी पट्टीवर सहा दिसेपर्यंत. मग पाणी सोड, पण असं की धार दिसता कामा नये. थेंब पडायला हवेत.

दुसरी गोष्ट. निकेल नाहीसं होत नाही. पाण्यातून निघून खतात जातं, एवढंच. खत भरलं की ते बदलावं लागणार. ते भरलेलं खत कुठे ठेवणार, हे आत्ताच ठरव.

तिसरी, आणि हीच सगळ्यात महत्त्वाची. मला मूठभर कोरं खत पाठव. काकूंकडून आणलेलं, पाणी न लागलेलं. त्यात मुळात किती निकेल आहे ते कळल्याशिवाय आपले बाकीचे आकडे अधांतरी आहेत. विसरू नकोस.

थेंब


१७ फेब्रुवारी

प्रिय थेंब,

तीन पिंपं, ओळीने, एकाखाली एक. मामाने स्वतः चौथरा बांधून दिला. तोंडाने शिव्या चालूच होत्या, पण चौथरा पाणसळ लावून बांधला! सोडा घातला, पट्टीवर सहा आला. तोट्यांच्या जागी मामाने सलाइनच्या नळ्यांसारखे छोटे व्हॉल्व्ह बसवले. आता थेंब पडतात. मी पिंपासमोर स्टूल टाकून बसतो. तू ब्युरेटसमोर बसायचीस तशीच मान तिरकी करून. तुझ्याकडे बघून मला नेहमी वाटायचं, ही बाई एका थेंबासाठी इतकी कशी थांबते? आता कळतं. मला आयुष्यात कोणी थांबवू शकलेलं नाही, बाबा नाहीत, सर नाहीत. तू पत्रातून थांबवलंस.

थेंब, मला तू आवडतेस. हे तुला माहीत आहे, पण सोडा घातल्यासारखं थोडं थोडं सांगत होतो. आज सगळं घातलं.

भरलेल्या खताची काळजी सोड. इथे गोण्यांना तोटा नाही. काकूंकडून खत गोणीतून येतं, रिकाम्या गोण्या आम्ही भिंतीलगत ठेवतो आणि काकू त्या दर शनिवारी घेऊन जातात. त्यातल्याच काही गोण्यांत वापरलेलं खत भरून भिंतीला टेकवून वाळत ठेवलंय.

पार्सलात बाटल्या आहेत आणि एक कुंडी. पुदिना. काकूंकडून निवडून आणला, "सगळ्यात काळ्याभोर खतातला द्या" म्हटलं. तुझ्या खिडकीत ठेव, चहात घाल.

मूठभर खत पाठवायचं पार्सल बांधल्यावर आठवलं. पुढच्या वेळी नक्की.

बर्नर


२७ फेब्रुवारी

बर्नर,

२.४.

मी आकडा दोनदा पुसून परत लिहिला, मग मशीन पुन्हा लावायला लावलं. २.४. मशीनवर बसणारी व्यक्ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हा मुलगा स्टुलावर बसू शकतो तर!"

पुदिना आला. दोन पानं मोडली होती, ती त्याच दिवशी चहात गेली. आता रोज सकाळी चार पानं. मैत्रिणी विचारतात, मी सांगते, एका मुलामावाल्याने पाठवलाय.

तुझ्या त्या ओळींचं उत्तर मला माझ्याच पद्धतीने देऊ दे. एका मोजणीवरून काही सांगता येत नाही.

कोरं खत कुठे आहे? दुसऱ्यांदा मागतेय.

थेंब


४ मार्च

प्रिय थेंब,

दोन पूर्णांक चार! मी कागद घेऊन वर्कशॉपभर पळालो. मामाने चष्मा लावून वाचला, मग चष्मा काढून वाचला. "म्हणजे पास?" "पास." त्याने माझ्या पाठीत असा रट्टा दिला की अजून दुखतंय. कामगारांतले सगळ्यात जुने, आम्ही त्यांना नाना म्हणतो, म्हणाले, "पोरा, माझी नोकरीची दोन वर्षं राहिली होती. ती वाचवलीस."

एकतीस तारखेला तो तपासणीवाला येऊ दे. मी त्याच्या नाकासमोर बाटली धरणार आहे. आणि मग एक बाटली सरांना पाठवणार आहे. रचलेले आकडे म्हणे! हे घ्या, रचून दाखवा!

'एका मोजणीवरून सांगता येत नाही.' म्हणजे नाही असं तू म्हणालेली नाहीस. मी हे वाक्य सतरा वेळा वाचलंय.

कोऱ्या खताचं एवढं काय घेऊन बसलीस? तुझ्या खिडकीतल्या कुंडीत तेच तर आहे, त्याच काकूंचं. त्यातलं चमचाभर घे आणि मोज.

जिंकलेला,
बर्नर


१० मार्च

बर्नर,

शांतपणे वाच. बसून वाच.

तू म्हणालास तसं कुंडीतलं चमचाभर खत काढून मोजलं. कोऱ्या खतात किलोमागे वीस-पंचवीस मिलिग्रॅम निकेल सापडेल असं वाटलं होतं. निघालं अकराशे. मशीन बिघडलं असं समजून दुसऱ्या दिवशी मोजलं, मग तिसऱ्या चमच्याचं मोजलं. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे.

कुंडीतलं खत कोरं नाही. तुझ्या पिंपातून गेलेलं आहे.

तुझ्या भिंतीजवळच्या गोण्या मोज. आजच.

मी ठीक आहे. डॉक्टरांना दाखवलं, काळजीचं कारण नाही म्हणाले. पुदिना पिशवीत बंद करून ठेवलाय. पण त्या रोपवाटिकेतून कुंड्या फक्त मीच घेतलेल्या नाहीत ना?

आणि एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवली होती, ती आता लपवणं बरोबर नाही. मशीनवर बसणारी व्यक्ती म्हणजे सर. पहिल्या बाटलीपासून त्यांना माहीत आहे कोणाच्या आहेत. पुदिन्याचा आकडा पाहून ते एवढंच म्हणाले, "आता तो काय करतो ते बघू."

थेंब


१३ मार्च

थेंब,

गोण्या मोजल्या. अकरा हव्या होत्या, चार आहेत.

काय झालं ते मला तिथेच उभ्या उभ्या कळलं. काकूंचा शनिवार. त्यांना भिंतीलगत त्यांच्याच गोण्या दिसल्या. काही रिकाम्या, काही भरलेल्या. भरलेल्या पाहून त्यांना वाटलं, पोराने जास्तीचं खत परत ठेवलंय. घेऊन गेल्या आणि त्यातच कुंड्या भरल्या. मी गोण्यांवर खूण केली नव्हती. चिठ्ठी नव्हती, रंगाचा ठिपकासुद्धा नाही. पिंपांवर नंबर घातले, व्हॉल्व्हला रंग दिला, आणि विष भरलं त्यांच्याच गोण्यांत.

आधी सरांवरचा राग सांगून टाकतो. तुझं पत्र वाचून मी पिंपाला लाथ मारली. दोन महिने तो माणूस माझ्या बाटल्या हाताळत होता, आणि मी त्याला तुझा कोणीतरी समजून जळत होतो! माझ्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालंय. पिंपाला काही झालं नाही.

मग मामाला सांगितलं. मामा खुर्चीत बसला. मग म्हणाला, "अठरा दिवस राहिलेत. एकतीस तारीख होऊ दे. तोवर तोंड शिवून बस. मग सांग काकूंना, मीही येईन तुझ्याबरोबर." "आणि अठरा दिवस लोक त्या कुंड्यांतली कोथिंबीर खातील?" "इतके दिवस खाल्लीच ना? मेलं का कोणी?" हे म्हणताना तो माझ्याकडे बघत नव्हता. थेंब, मामा वाईट माणूस नाही. त्याच्या डोळ्यांसमोर नाना आणि बाकीचे सहा जण होते.

आणि खरं सांगू? मला ते पटलं. अर्धा तास पटलं. काकूंनी तक्रार केली तर सील आजच लागेल. पाणी २.४ आहे, पाणी खरं आहे, नोटिशीत पाण्याबद्दलच लिहिलंय, खताबद्दल एक अक्षर नाही. मी चौथऱ्यावर बसून हेच सगळं स्वतःला समजावत होतो.

मग मला तिसरी नळी आठवली.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तुलाही नाही. वहीतले ते आकडे. आम्हाला एकच द्रावण तीन नळ्यांत घालून तीनदा मोजायचं होतं. दोन मी मोजल्या. तिसरी माझ्या कोपराने सांडली. तास संपत आला होता, मी घाईत होतो, तू दारात थांबली होतीस. मी पहिल्या दोन आकड्यांच्या मधला आकडा तिसरीपुढे लिहिला. सरांनी वही वर धरली तेव्हा चाळीस जणांत मला एकट्यालाच माहीत होतं की ते बरोबर आहेत. म्हणूनच एवढा भडकलो. खोटा आरोप असता तर कदाचित हसून घालवला असता.

तेव्हा एक नळी सांडली होती, आता सात गोण्या सांडल्यात. या वेळी आकडा मी रचणार नाही.

हे पत्र बंद करतो आणि काकूंकडे जातो. आधी पेटीत टाकतो, मग जातो, म्हणजे मधेच पाय मागे घेता येणार नाहीत.

बर्नर


१६ मार्च

बर्नर,

पत्र मिळालं. मला फार लिहिता येत नाहीये.

त्या दिवशी मी दारात थांबले होते हे मला आठवतं. नळी सांडल्याचा आवाज मी ऐकला होता. तू कधी सांगतोस याची वाट बघत होते. सहा महिने.

पत्र सरांना दाखवू का? तू हो म्हणालास तरच.

एकेका कुंडीची यादी कर. कुंडी परत घेताना मातीसकट घे. हातमोजे घाल. रोपं कंपोस्टच्या ढिगात टाकायची नाहीत, एकसुद्धा नाही, नाहीतर तेच निकेल पुन्हा फिरून येईल. सगळं झाकणाच्या पिंपात.

थेंब


२ एप्रिल

प्रिय थेंब,

दाखव सरांना. मीच दाखव म्हणतो.

आता क्रमाने सांगतो.

काकूंनी आधी ऐकून घेतलं. मग हातातली झारी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "आधी माझी गांडुळं मारलीस, आता माझं नाव मारायला निघालास?" मग रडल्या. मग डोळे पुसून आतून वही आणली. त्या खतात अडतीस कुंड्या भरल्या होत्या, तुझी सोडून सत्तावीस विकल्या होत्या. बहुतेक समोरच्या इमारतींतच. "चल," म्हणाल्या, "मी एकटी गेले तर मलाच बोलतील. तू पुढे हो."

मी पुढे झालो. सव्वीस दारं, थेंब! प्रत्येक दारात तेच सांगायचं: चूक माझी आहे, काकूंची नाही. एका बाईंनी दार तोंडावर आपटलं, मग खिडकीतून कुंडी दिली. एका घरी मला पाणी विचारलं, तेच सगळ्यात अवघड गेलं. एका आजोबांचा गुलाब फुलला होता. ते म्हणाले, "गुलाब कोण खातं? जा." मी भडकलो नाही. दुसऱ्या दिवशी नवी माती घेऊन गेलो आणि त्यांच्यासमोर गुलाब उपटून, मुळं धुऊन, दुसऱ्या कुंडीत लावून दिला. धुतलेलं पाणीसुद्धा बादलीतून परत आणलं. आजोबा म्हणाले, "पोरा, तू वेडा आहेस की प्रामाणिक?" मामा मागे कुंडी धरून उभा होता. तो म्हणाला, "दोन्ही आहे. माझाच भाचा." हो, मामा आला होता. पाचव्या दारापासून. न सांगता.

सव्वीस परत आल्या. एक नाही. निळं हेल्मेट घातलेला एक माणूस जाता जाता मिरचीचं रोप घेऊन गेला, काकूंना एवढंच आठवतं. रोपवाटिकेच्या फाटकावर पाटी लावली आहे. येणाऱ्या प्रत्येक निळ्या हेल्मेटला मी थांबवतो.

मग एकतीस तारीख. तपासणीवाला नव्हता, बाई होत्या. तीन बाटल्या भरून घेतल्या, लाख लावून बंद केल्या, निघाल्या. नाना सुटकेचा श्वास सोडत होते. आणि मी म्हटलं, "बाई, निकेल कुठे जातं ते बघायचं राहिलं." मामाने डोळे मिटले. मी त्यांना झाकणाची पिंपं दाखवली, कुंड्या दाखवल्या, सत्तावीस कुंड्यांची यादी दिली. त्या दोन तास लिहीत होत्या.

निकाल असा: टाक्या पंधरा दिवस बंद. तोवर वापरलेल्या खतासाठी छप्पर, पक्की फरशी, कुलूप. प्रत्येक पिंपावर नंबर आणि तारीख. भरलेली पिंपं धोकादायक कचऱ्याच्या जागीच जातील. सील लागायचं की नाही, ते त्या तीन बाटल्या ठरवतील. जाताना बाई म्हणाल्या, "हे मी विचारलं नव्हतं." "माहीत आहे," मी म्हटलं.

त्या गेल्यावर मामा मला काय म्हणाला ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर म्हणाला, "फरशीला उतार कुठल्या बाजूला द्यायचा?"

आता वाट बघतोय.

बर्नर


९ एप्रिल

बर्नर,

पत्र सरांनी वाचलं. दोन्ही वाचली, तिसऱ्या नळीचंही. चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "मी चाळीस जणांसमोर बोलायला नको होतं. बाजूला बोलावून विचारायला हवं होतं. त्याला लिही." लिहिलं.

पुढे म्हणाले, जूनमध्ये तुझी जागा मोकळी आहे, प्राचार्यांशी ते बोलतील. एकच अट. पहिल्या दिवशी तोच प्रयोग, त्याच बाकावर, तीन नळ्या. मी विचारलं, "आणि तो भडकला तर?" तर म्हणाले, "भडकू दे. सांडलं तर 'सांडलं' असं लिहायला शिकला की झालं."

सोबत कुंडी परत पाठवतेय. पुदिना आणि माती तुझ्या झाकणाच्या पिंपात टाक, यादीवर अठ्ठाविसावी म्हणून लिही. कुंडी धुऊन ठेव. टाकू नकोस.

तू सव्वीस दारं वाजवलीस ती मी दुसरी मोजणी धरली आहे.

थेंब


१४ एप्रिल

प्रिय थेंब,

तीन बाटल्यांचे निकाल आले. २.६, २.८, २.५. तिन्ही आकडे मी मोजलेले नाहीत, पण तिन्ही खरे आहेत. सील नाही. मामाने कागद घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलाय आणि दर तासाला काढून बघतो. उद्या टाक्या सुरू. नाना आज फरशी पुसायला आले होते, कारण नसताना.

निळं हेल्मेट काल सापडलं. मिरची त्यांच्या शेळीने मुळासकट खाल्ली म्हणे. शेळी ठणठणीत आहे. कुंडी घेऊन आलो. अठ्ठावीस पूर्ण.

काकूंनी माझ्याशी बोलणं सुरू केलंय. त्यांच्या गोण्यांना आता निळा पट्टा आहे, आमच्या पिंपांना लाल. पिंपांपासून त्यांच्या ढिगापर्यंत मामाने भिंत बांधलीय, दार नाही.

सरांना सांग, जूनमध्ये येतो. भडकणार नाही असं वचन देत नाही. सांडलं तर 'सांडलं' असं लिहीन.

या पार्सलात बाटली नाही. एक पिशवी आहे, काकूंच्या नव्या ढिगातली, मी माझ्या हाताने भरलेली. तू दोन महिने मागत होतीस ते मूठभर कोरं खत. आधी हे मोज, तीनदा मोज. तुझी कुंडी धुऊन खिडकीत ठेवली आहे. पुदिन्याची एक नवी काडी पाण्यात आहे, तिला मुळं फुटलीत. आकडा चांगला आला तर ती याच खतात लावीन आणि मांडीवर धरून बसने आणीन.

तिसरी मोजणी तेव्हा कर. नळी मी धरतो.

बर्नर